जवान सीमेवर असताना त्याच्या घरासाठी आपण नेमके काय करू शकतो?

निवृत्त_रोखपाल (कोरेगाव, जि. सातारा)

नमस्कार मंडळी,

२०२५ च्या मे महिन्यात सुट्टीवर आलेल्या जवानांना तातडीने परत बोलावण्यात आले, तेव्हा आमच्या गावातून एकाच आठवड्यात सात मुले निघाली. एसटी स्थानकावर सगळे गाव लोटले होते, बायकांनी औक्षण केले, शाळेच्या मुलांनी घोषणा दिल्या. मीही त्या गर्दीत होतो आणि माझेही डोळे भरून आले होते.

त्यानंतर नवव्या दिवशी त्या सातांपैकी एकाची पत्नी सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिच्या हातातल्या पिशवीत पासबुक, अडकलेले एटीएम कार्ड आणि मुलीच्या शाळेची फी भरण्याची चिठ्ठी होती. तीनदा चुकीचा पिन दाबला गेल्याने कार्ड बंद पडले होते आणि खाते नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होते. शाखेत तिला सांगण्यात आले, की खातेदाराने स्वतः यावे, नाहीतर त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी सांगावा. खातेदार होता अशा चौकीवर, जिथे मोबाइलला रेंज नाही आणि चार-पाच दिवसांतून एकदा, तेही दोन मिनिटे, घरी बोलणे होते. ओटीपी दहा मिनिटांत बाद होतो. ती तीन दिवस हेलपाटे घालून थकली होती, आणि तिला सर्वांत जास्त लागले होते ते हे, की नवऱ्याचा फोन आल्यावर ती दोन मिनिटे मुलीचा आवाज ऐकवण्याऐवजी पिन आणि ओटीपी यांतच गेली.

मी ३४ वर्षे बँकेत रोखपाल म्हणून काम केले. शेकडो जवानांचे पगार माझ्यासमोर जमा झाले असतील. परंतु 'खाते दोघांच्या नावावर करून घ्या, दोघांपैकी एक किंवा हयात असा शेरा घाला' असे मी स्वतःहून किती जणांना सांगितले, हे आठवायला गेलो तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नावेही आठवत नाहीत. याची मला खंत आहे.

त्या मुलीच्या फीची मुदत मी शाळेत जाऊन वाढवून घेतली. पुढे जवानाने युनिटमधून स्वाक्षरीचा अर्ज पाठवला, त्यावर कमांडिंग अधिकाऱ्यांचा शिक्का होता, आणि मग शाखेने काम केले. परंतु यात २६ दिवस गेले. निरोपाच्या दिवशी स्थानकावर दोनशे माणसे होती. नवव्या दिवशी त्या घरात विचारपूस करायला कोणी नव्हते, आणि त्या 'कोणी'मध्ये मीसुद्धा आलो. म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांच्या घरी सैनिक आहे, जे स्वतः सेवेत होते, किंवा ज्यांनी अशा कुटुंबासाठी काही केले आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा. भावना आपल्या सर्वांच्या सारख्याच आहेत. मला कामाची माहिती हवी आहे.

---

माहेर_वाई

काका, तुमचा लेख वाचून बराच वेळ काही सुचले नाही. माझे यजमान सैन्यात नायक या हुद्द्यावर आहेत. लग्नाला ११ वर्षे झाली, त्यांपैकी आम्ही एकत्र राहिलो ती एका पीस स्टेशनवरची, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येते अशा ठिकाणची, पावणेतीन वर्षे. बाकीचा काळ मी, सासूबाई आणि दोन मुले असेच घर चालवत आलो आहोत.

लोक मला विचारतात, 'काही लागले तर सांगा'. हे मनापासूनच म्हणतात, याविषयी मला शंका नाही. पण सांगणे फार अवघड असते हो. सिलिंडर संपला म्हणून कोणाच्या दारात जायचे, मुलाला रात्री ताप आला म्हणून कोणाला उठवायचे, याचा विचार करण्यातच वेळ जातो आणि शेवटी आपणच रिक्षा शोधतो. आमच्या शेजारच्या वहिनींनी मात्र कधी असे विचारलेच नाही. त्या दर मंगळवारी बाजाराला निघताना दारातून हाक मारतात, 'मी निघाले गं, यादी दे'. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपायच्या तारखेची नोंद त्यांच्याच कॅलेंडरवर आहे. मला मागावे लागत नाही, आणि त्यामुळे उपकाराचे ओझेही वाटत नाही.

दुसरी गोष्ट शाळेची. एकदा पालकसभेला मुलाच्या वर्गशिक्षकांनी 'वडिलांनाच घेऊन ये' असे सांगितले. तो घरी येऊन काही बोलला नाही, नुसता दप्तर ठेवून गोठ्यात जाऊन बसला. मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांना भेटले. त्यांनी माझ्यासमोरच हजेरीपटावर त्याच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक खूण केली आणि सर्व शिक्षकांना सांगितले, की या खुणेच्या मुलांच्या बाबतीत आईची स्वाक्षरी चालेल आणि सभेची वेळ आईला विचारून ठरवायची. शाळेत अशी १४ मुले निघाली. एका पेन्सिलीच्या खुणेने माझ्या मुलाचे वर्ष सोपे झाले. इथे जे शिक्षक असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की आपल्या वर्गात अशी मुले कोण आहेत हे जूनमध्येच पाहून ठेवावे.

आणि आणखी एक. सीमेवर काही घडले, की आमच्या फोनवर संदेशांचा पाऊस पडतो: 'अमुक भागात गोळीबार चालू आहे, तुमचे मिस्टर तिकडेच आहेत ना?' त्यांचा फोन लागत नसताना असा संदेश वाचून जिवाला किती घोर लागतो, हे शब्दांत सांगता येणार नाही. ते कुठे आहेत हे मलाही पुष्कळदा ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी सांगायचे नसते. अशा दिवशी विचारू नका, बातमी पाठवू नका. संध्याकाळी येऊन मुलांना अर्धा तास खेळायला घेऊन गेलात, तर मला तेवढ्यात देवापाशी शांत बसता येते.

---

सुभेदार_निवृत्त

ताई, आपण लिहिले ते प्रत्येक जवानाच्या बायकोने लिहावे असे आहे. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत २८ वर्षे सेवा करून निवृत्त झालो आणि गेली सहा वर्षे आमच्या तालुक्यात सैनिक कुटुंबांची कागदपत्रे पाहतो. रोखपाल साहेबांनी कामाची माहिती मागितली आहे, म्हणून लिहितो.

नव्वद टक्के अडचणी एका कारणामुळे येतात असे माझे स्पष्ट मत झाले आहे: घरातल्या कागदावर एक नाव आणि लष्कराच्या कागदावर दुसरे. लग्न झाले, मूल जन्मले, की त्याची नोंद युनिटमार्फत 'पार्ट टू ऑर्डर'ने, म्हणजे युनिटच्या लेखी नोंद-आदेशाने, प्रसिद्ध व्हावी लागते आणि ती रेकॉर्ड ऑफिसला पोहोचते. आमच्या मराठा रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला. त्या नोंदीत पत्नीचे नाव माहेरचे राहिले, आधारवर सासरचे आले, जन्मतारखेत एका वर्षाचा फरक पडला, तर जवान सेवेत असेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु काही बरेवाईट झाले, तर त्या दुःखातल्या बाईला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी याच एका अक्षरावरून महिनोन्महिने थांबावे लागते. मी अशी एक बहीण पाहिली आहे, जिच्या नावात 'सुनंदा' आणि 'सुनंदाबाई' एवढाच फरक होता, आणि तिला प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा प्रतिज्ञापत्र असे करत आठ महिने गेले.

म्हणून गावात ज्याला लिहिता-वाचता येते आणि वेळ आहे, त्याने एकच काम करावे. जवान सुट्टीवर आला, की पहिले चार दिवस त्याला घरच्यांबरोबर राहू द्यावे आणि पाचव्या दिवशी त्याच्यासोबत बसून आधार, पॅन, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे वारसनामे आणि सैनिकी नोंद ही सारी कागदपत्रे एका चटईवर पसरून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. चूक सापडली तर तो स्वतः युनिटला जाऊन एका अर्जावर ती दुरुस्त करून घेऊ शकतो. तीच चूक त्याच्या पश्चात दुरुस्त करायची म्हणजे डोंगर.

दुसरे, लोकांना एक फरक ठाऊक नसतो आणि त्यापायी बिचाऱ्या बायका उन्हातान्हात फिरतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे भूदल, नौदल आणि वायुदल यांच्या सैनिकांसाठी, माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी आहे. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, भारत-तिबेट सीमा पोलीस ही दले गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांची कल्याणाची व्यवस्था वेगळी आहे. गाव सर्वांनाच 'मिलिटरीवाला' म्हणते आणि सर्वांना त्याच दारात पाठवते. त्याचप्रमाणे ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून आहे, पण ती निवृत्तांसाठी आणि त्यांच्या आश्रितांसाठी आहे; सेवेत असलेल्या जवानाच्या घरच्यांना डिपेंडंट कार्डावर (आश्रितांच्या ओळखपत्रावर) मिलिटरी हॉस्पिटल गाठावे लागते. साताऱ्याहून पुणे म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. ज्याच्याकडे गाडी आहे आणि जो कामानिमित्त पुण्याला जातोच, त्याने आदल्या दिवशी अशा घरी विचारले, 'उद्या चाललो आहे, आईंना दाखवायचे आहे का?' तर ती फार मोठी सेवा आहे.

---

मुलुंड_पूर्व

सर्वांचे प्रतिसाद मन लावून वाचले. आम्ही शहरात सोसायटीत राहतो, आमच्या ओळखीत एकही सैनिक कुटुंब नाही. आमच्यासारख्यांनी पैसे द्यायचे म्हटले तर खात्रीची जागा कोणती? समाजमाध्यमांवर इतकी आवाहने फिरतात, की कोणते खरे आणि कोणते बनावट हे कळत नाही. शिवाय राख्या आणि फराळ पाठवण्याचा उपक्रम आम्ही करतो. त्याचा खरेच उपयोग होतो का, हेही कृपया सांगावे.

---

सुभेदार_निवृत्त

पैशांविषयी आधी सांगतो. सशस्त्र सेना ध्वजदिन ७ डिसेंबरला असतो आणि तो १९४९ पासून पाळला जातो. ध्वजदिन निधी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या अखत्यारीत आहे, आणि जिल्ह्यात संकलनाचे काम सैनिक कल्याण कार्यालयाकडे असते. राष्ट्रीय संरक्षण निधी १९६२ पासून आहे. निमलष्करी दलांतील हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी गृह मंत्रालयाने २०१७ मध्ये 'भारत के वीर' सुरू केले. त्यात थेट त्या कुटुंबाच्या नावे देणगी देता येते, आणि मदत एकाच घरी साचू नये म्हणून एका कुटुंबासाठी १५ लाखांची मर्यादा घातली गेली. अनोळखी क्रमांकावर, क्यूआर कोडवर, कोणाच्या वैयक्तिक खात्यावर एक रुपयाही पाठवू नका. जवानाचे छायाचित्र लावले म्हणून आवाहन खरे ठरत नाही.

आपण मुंबईत आहात, तर खडकी दूर नाही. तिथे १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, जिथे पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान राहतात, आणि १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, जी अपंगत्व आलेल्या सैनिकांना नवे काम शिकवते. आधी पत्र लिहून परवानगी घ्या, त्यांना काय हवे ते विचारा आणि मग जा. एकदा जाऊन छायाचित्र काढून येण्यापेक्षा वर्षातून चार वेळा जाऊन कॅरमच्या डावाला बसलात तर त्यांना अधिक आवडेल, हे मी तिथे राहणाऱ्या माझ्या मित्राच्या तोंडून ऐकले आहे.

आता पत्रांविषयी. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धाच्या वेळी, आम्ही वर होतो, तेव्हा पोत्यांनी पत्रे यायची. बहुतेकांत 'शूर जवानांनो, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत' असे असायचे आणि तेही वाचून बरे वाटायचे. परंतु चौथीतल्या एका मुलीचे पत्र आमच्या तुकडीत हातोहात फिरले. तिने लिहिले होते, की आमच्या म्हशीला रेडकू झाले आहे, ते पांढऱ्या कपाळाचे आहे, पाऊस अजून आलेला नाही आणि आजोबा रोज संध्याकाळी पश्चिमेकडे बघत बसतात. आम्ही सारी शेतकऱ्यांची पोरे. ते पत्र वाचताना प्रत्येकाला आपापला गोठा दिसला. एका जवानाने ते शेवटपर्यंत खिशात ठेवले होते. म्हणून मुलांना पत्रे लिहायला लावताना फळ्यावर मजकूर लिहून देऊ नका. गावात काय पिकले, कोणाची जत्रा झाली, पाऊस किती पडला, हे त्यांना त्यांच्या भाषेत लिहू द्या.

पत्ता लिहिताना सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि 'द्वारा ५६ एपीओ' किंवा पूर्वेकडे असेल तर 'द्वारा ९९ एपीओ' (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) एवढेच लिहायचे, ठिकाणाचे नाव लिहायचे नाही. टपालाला देशांतर्गत दरच लागतो. फराळात शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गोडा मसाला, भाजणी असे टिकणारे द्यावे. काचेची बरणी आणि तेल सुटणारे लोणचे नको, कारण ते फुटले तर पिशवीतली इतरांची पत्रेही खराब होतात.

---

बांधावरचा_शेतकरी

माझा प्रश्न कोणाला दुखावण्यासाठी नाही. सैनिकाला पगार, कॅन्टीन, निवृत्तिवेतन आहे. आमच्याकडे कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी यांपैकी काहीच नाही. मग गावाने वेगळी सोय सैनिकाच्याच घराची का करावी?

---

माहेर_वाई

दादा, प्रश्न रास्त आहे आणि मी स्वतः शेतकऱ्याचीच मुलगी आहे. आम्हाला पैसे नकोत, पैसे वेळेवर येतात. आमच्या घरात उणीव आहे ती एका माणसाची. तुमच्या घरी बांध कोरला गेला तर तुम्ही त्याच संध्याकाळी जाऊन बोलू शकता. आमचा बांध गेल्या पावसाळ्यात दोन हात सरकला, आणि त्याविषयी बोलायला घरात ७१ वर्षांच्या सासूबाई आणि मी. मोजणीची तारीख आली, तेव्हा यजमानांना सुट्टी मिळाली नाही. तेव्हा शेजारच्या शेतातले एक दादा, ज्यांचा या वादाशी काही संबंध नव्हता, दिवसभर आमच्या बाजूने नुसते उभे राहिले. त्यांचा एक शब्दही बोलण्याची वेळ आली नाही. पण ते तिथे होते म्हणून कोणी आवाज चढवला नाही.

---

बांधावरचा_शेतकरी

ताई, समजले. आमच्या शिवारात अशी दोन घरे आहेत. पुढच्या मोजणीला मी जाईन.

---

दिवाणी_वकील

बांधाचा विषय निघालाच आहे, तर कायद्यातील दोन तरतुदी सर्वांना ठाऊक असाव्यात असे वाटते, कारण माझ्या अनुभवात तालुका पातळीवर त्या फार थोड्यांना माहीत असतात.

भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५ हा कायदा शंभर वर्षांचा झाला, तरी आजही तो लागू आहे. विशेष परिस्थितीत किंवा युद्धजन्य परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्ध दावा चालू असेल आणि त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी नसेल, तर जिल्हाधिकारी तसे न्यायालयाला कळवू शकतात आणि न्यायालयाला त्या सैनिकाच्या बाबतीत कामकाज पुढे ढकलता येते. त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो रद्द करून मागण्याचीही सोय आहे, आणि मुदतीच्या गणनेतही सैनिकाला सवलत दिलेली आहे. दुसरी तरतूद सेना अधिनियम, १९५० च्या कलम ३२ मधील. दाव्याच्या कामासाठी जवानाला सुट्टी मंजूर झाली आहे किंवा त्याने ती मागितली आहे असे सक्षम लष्करी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र न्यायालयात दाखल केले, तर शक्य असेल तोवर त्याच्या दाव्याची सुनावणी आणि निकाल त्या सुट्टीच्या काळातच व्हावा, असे कायदा सांगतो. सुट्टी संपायला चार दिवस उरले असताना ते प्रमाणपत्र माझ्याकडे आणले, तर मीही फारसे काही करू शकत नाही. सुट्टी मंजूर होताच ते मागून घ्यावे.

न्यायालयाबाहेरचा मार्गही आहे. जवानाने आपली तक्रार युनिटमध्ये लेखी दिली, तर कमांडिंग अधिकारी जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांना पत्र पाठवतात. ते पत्र तालुक्यात पोहोचल्यावर पुढे काय झाले याचा पाठपुरावा मात्र गावातल्या कोणीतरी करावा लागतो, कारण जवान पुन्हा चौकीवर गेलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या सैनिक कुटुंबांकडून मी सल्ल्याचे शुल्क घेत नाही, आणि तालुक्याच्या बारमधील आणखी तिघांनी तशी तयारी दाखवली आहे. इतर तालुक्यांतील वकील मित्रांनीही विचार करावा.

---

रेल्वे_प्रवासी

एक गोष्ट राहिली. मे महिन्यात जवानांनी भरलेल्या गाड्यांची चलचित्रे लोकांनी स्थानकाच्या नावासह आणि वेळेसह टाकली होती. हेतू अभिमानाचा होता, हे मान्य. परंतु २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने संरक्षण दलांच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नये अशी सूचना माध्यमांना दिली होती, आणि तिच्यामागचे कारण आपल्या मोबाइललाही तितकेच लागू पडते. त्यांना पाणी द्या, जागा द्या, सामान चढवू लागा, चित्रण नको.

---

निवृत्त_रोखपाल (कोरेगाव, जि. सातारा)

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने आणि इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. आमच्याच जिल्ह्यात अपशिंगे हे गाव आहे, ज्याच्या नावापुढे 'मिलिटरी' लागते. तिथल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले, त्यांच्या स्मरणार्थ लावलेला दगड आजही गावात आहे. अशा जिल्ह्यात राहून आम्ही हे काम इतक्या उशिरा सुरू करत आहोत, हे मला मान्य करावे लागेल.

काल रविवारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात आम्ही पहिल्यांदा बसलो. ११ कुटुंबे आली. सुभेदार साहेबांनी सांगितल्याप्रमाणे कागद चटईवर पसरून पाहिले, तर ११ पैकी सहा घरांत नावात किंवा जन्मतारखेत फरक निघाला. एका घरी धाकट्या मुलाची नोंद सैनिकी कागदांत झालेलीच नव्हती. मुलगा चार वर्षांचा आहे. त्याच्या आईने जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत तिथेच तयार केली आणि आज ती स्पीड पोस्टाने युनिटला रवाना झाली. जी बाई माझ्या ओट्यावर आली होती, ती काल कागद ताडून पाहायला दुसऱ्यांच्या मदतीला बसली होती. तिचे काम अजून पूर्ण झालेले नाही: खाते दोघांच्या नावावर करण्यासाठी पती सुट्टीवर येईपर्यंत थांबावे लागणार आहे, तोवर तिच्या स्वतःच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम वळती करण्याचा अर्ज त्याने तिकडून पाठवला आहे.

दोन कुटुंबे सीमा सुरक्षा दलातील होती, त्यांच्याविषयीची माहिती आमच्याकडे अपुरी पडली. या दलांतून निवृत्त झालेले कोणी कोरेगाव, खटाव किंवा माण भागात असतील, तर त्यांनी कृपया या धाग्यावर कळवावे. पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता त्याच जागी आहे. येणाऱ्यांनी कोरे कागद आणि स्टेपलर सोबत आणावा. काल एकच होता आणि तोही अर्ध्यात संपला.